कणादांचा परमाणू डाल्टनच्या तराजूत तोलू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत प्राचीन भारतीय परमाणुविचारावर अलीकडे आलेला लेख आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रांत उमटलेले पडसाद मी लक्षपूर्वक वाचले. एका बाजूचे म्हणणे असे, की अणूचा शोध कणाद महर्षींनी इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनच्या कितीतरी शतके आधी लावला आणि पाश्चात्त्यांनी त्याचे श्रेय लाटले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की या साऱ्या पोथ्यांतल्या कल्पना असून विज्ञानाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले आहे. मात्र कणादांच्या वैशेषिक दर्शनाने परमाणू, म्हणजे ज्याचे आणखी भाग पडत नाहीत असा कण, मुळात का मानला आणि त्यासाठी कोणती युक्ती दिली, याचा उल्लेख एकाही पत्रात आढळला नाही. युक्ती बाजूला ठेवून केवळ निष्कर्षावर मालकी सांगायची किंवा तो झिडकारायचा, ही पद्धत स्वतः कणादांच्या परंपरेलाही मान्य झाली नसती, म्हणून हे काहीसे दीर्घ पत्र लिहीत आहे.

वैशेषिकांपुढचा प्रश्न समजून घ्यायला सोलापूरकराला फार लांब जावे लागत नाही, कारण न्याय-वैशेषिक ग्रंथांतले नेहमीचे उदाहरण कापडाचेच आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त कारणाचे तीन प्रकार सांगताना धागे हे पटाचे, म्हणजे कापडाचे, समवायी कारण (ज्यात कार्य राहते ते), धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण आणि माग, धोटा इत्यादी साधने हे निमित्त कारण, अशी विभागणी केली आहे. यामागचा सिद्धांत असा, की विणून तयार झालेले कापड ही धाग्यांहून वेगळी, नव्याने निर्माण झालेली वस्तू आहे. विणण्यापूर्वी ती नव्हती. सांख्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते कापड धाग्यांत आधीपासून अव्यक्त रूपाने असतेच. बौद्धांना दोन्ही मान्य नाही. त्यांच्या मते धाग्यांच्या जुळणीपलीकडे कापड नावाची वेगळी वस्तूच नाही. आता कापड धाग्यांचे, धागा तंतूंचा, तंतू त्याहून बारीक अंशांचा, असे मागे मागे जात राहिले तर हा क्रम कोठे थांबतो? परमाणुवाद हे या प्रश्नाचे उत्तर आहे. कोणता पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा बनला आहे, हा रसायनशास्त्रज्ञाचा प्रश्न, आणि तो वेगळा.

क्रम कोठेतरी थांबलाच पाहिजे, असे वैशेषिक म्हणतात. तो न थांबता अनंतापर्यंत चालू राहिला, तर मेरू पर्वतालाही अनंत अवयव आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंत अवयव होतील. मग पर्वत मोठा आणि मोहरी लहान का, याला कारणच उरणार नाही. अनंताची कल्पना गणिताने पुढे ज्या प्रकारे हाताळली, ती पाहता या युक्तीत आज त्रुटी दाखवता येते, हे खरे. तरीही ती युक्ती आहे, आणि तिच्याशी भांडता येते.

थांबण्याची जागा ठरवताना सुरुवात होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत लहान वस्तूपासून. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात जो धुळीचा कण तरंगताना दिसतो, तो त्रसरेणू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापांची परंपरा सांगताना याच कणाला पहिले माप म्हटले आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात पत्र्याच्या फटीतून ऊन आले की हवेत तरंगणारी कापसाची तूस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्रसरेणू वेगळा समजावून सांगायला नको. विश्वनाथ पंचाननांच्या ‘सिद्धांतमुक्तावली’त पुढची पायरी दोन अनुमानांत मांडली आहे: त्रसरेणू डोळ्यांना दिसणारे द्रव्य आहे, म्हणून घटाप्रमाणे त्यालाही अवयव असले पाहिजेत, आणि हे अवयव दृश्य आकाराची वस्तू घडवतात, म्हणून घटाच्या खापरांप्रमाणे त्यांनाही अवयव असले पाहिजेत. पहिले अवयव म्हणजे द्व्यणुक, दुसरे म्हणजे परमाणू. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक, म्हणजेच त्रसरेणू, हा हिशोब.

यावरून ‘त्रसरेणूचा सहावा भाग म्हणजे परमाणू’ हे वाक्य रूढ झाले. ते उद्धृत करून प्राचीनांना अणूचा आकार ठाऊक होता, असे सांगणाऱ्यांनी साधा भागाकार करून पाहावा. उन्हात दिसणारा धूलिकण दहा मायक्रोमीटरचा धरला, तर त्याच्या रुंदीत आजच्या विज्ञानातले सुमारे एक लाख अणू एका ओळीत बसतात. सहाने भागून तेथे पोहोचता येत नाही. पण वैशेषिक ग्रंथकारांना लांबी मोजायचीच नव्हती. किमान किती पायऱ्या मानल्याशिवाय युक्ती पूर्ण होत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. गौरव करण्याच्या भरात आपण त्यांच्या तोंडी जे मोजमाप घालतो, ते चुकीचे ठरले की हसे त्यांचेच होते.

या मांडणीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग परिमाणासंबंधीचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. वैशेषिकांचा नियम असा, की कारणाचे परिमाण, म्हणजे आकारमान, कार्यात आपल्याच जातीचे, पण अधिक तीव्र परिमाण उत्पन्न करते: मोठ्यापासून अधिक मोठे. हाच नियम परमाणूला लावला तर लहानापासून अधिक लहान निघेल आणि दोन परमाणू एकत्र येऊन परमाणूहूनही लहान वस्तू तयार होईल! या अडचणीतून सुटण्यासाठी त्यांनी सांगितले, की परमाणूचे परिमाण कशाचेच कारण होत नाही. द्व्यणुकाचे परिमाण परमाणूंच्या ‘दोन’ या संख्येमुळे येते आणि त्र्यणुकाचे मोठेपण द्व्यणुकांच्या ‘तीन’ या संख्येमुळे. म्हणजे विस्तार हा संख्येतून जन्मतो. आता वैशेषिकांच्या मते ‘दोन’ ही संख्या वस्तूत आपोआप नसते. ‘हा एक आणि हा एक’ असे मोजणारी बुद्धी, जिला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात, ती असेल तेव्हाच द्वित्व उत्पन्न होते. सृष्टीच्या आरंभी, जेव्हा देहधारी कोणीच नव्हते, तेव्हा परमाणू कोणी मोजले? परंपरेचे उत्तर: ईश्वराने. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी जे हेतू एका श्लोकात गुंफले, त्यांत ‘आयोजन’ म्हणजे परमाणूंना जोडणारी पहिली हालचाल आणि ‘संख्याविशेष’ हे दोन्ही आहेत. ज्यांना कणादांचा परमाणुवाद म्हणजे निव्वळ भौतिकवाद वाटतो आणि ज्यांना तो थेट पदार्थविज्ञान वाटतो, त्या दोघांनीही या श्लोकापाशी जरा थांबावे. येथे ईश्वर हवा आहे तो बेरीज करण्यासाठी!

पहिल्या हालचालीबद्दल स्वतः कणादांची वैशेषिक सूत्रे काय म्हणतात, तेही पाहण्यासारखे आहे. अग्नीचे वर जळणे, वाऱ्याचे आडवे वाहणे आणि परमाणूंची व मनाची आद्य हालचाल ‘अदृष्टा’मुळे होते, असे पाचव्या अध्यायातील एक सूत्र सांगते; लोहचुंबकाकडे सुईचे सरकणेही त्याच अध्यायात अदृष्टाच्या खात्यावर घातले आहे. अदृष्ट म्हणजे प्राण्यांच्या कर्माने साठलेला, न दिसणारा संस्कार, असा अर्थ पुढील परंपरेने पक्का केला. जेथे दिसणारे कारण सापडत नाही तेथे एक नाव ठेवून पुढे जायचे, ही सोय त्यात उघड दिसते आणि शंकराचार्यांनी नेमके तेथेच बोट ठेवले. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात ते विचारतात, की सृष्टीपूर्वी शरीर नसल्याने प्रयत्न संभवत नाही, आघातही संभवत नाही, आणि अदृष्ट तर अचेतन. मग परमाणू हलले कशाने?

परमाणूचे गुण हा वैशेषिकांच्या आणि ग्रीकांच्या वाटा वेगळ्या होण्याचा मुद्दा आहे. डेमोक्रिटसच्या अणूंना आकार, आकारमान आणि मांडणी यांपलीकडे फारसे काही नाही. रंग आणि चव त्याच्या मते केवळ व्यवहाराच्या गोष्टी. वैशेषिकांचे परमाणू मात्र चार जातींचे आणि गुणयुक्त आहेत: पृथ्वीच्या परमाणूला गंध, रस, रूप आणि स्पर्श, जलाच्या परमाणूला गंध सोडून उरलेले तीन, तेजाच्या परमाणूला रूप आणि स्पर्श, वायूच्या परमाणूला केवळ स्पर्श. आकाश सर्वव्यापी असल्याने त्याला परमाणू नाहीत. यातून भट्टीतल्या मडक्याचा प्रसिद्ध वाद निघाला. कच्चे काळसर मडके भाजल्यावर लाल होते, तेव्हा रंग बदलतो कशाचा? वैशेषिक म्हणतात, परमाणूंचा: उष्णतेने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि ते इतक्या वेगाने पुन्हा जुळतात, की मधली मोडतोड कोणाच्या लक्षात येत नाही. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक, म्हणजे वैशेषिकांना जवळच्या न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणतात, तसे असते तर भट्टीत त्या मडक्यावर रचलेली मडकी कोसळली असती आणि ‘हे तेच मडके’ अशी ओळखही पटली नसती. म्हणून मडके अखंडच राहते आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तेज आत शिरून संपूर्ण मडक्याचा रंग बदलते. हा पिठरपाक. मला विचाराल तर या वादात नैयायिकांची बाजू वरचढ आहे, कारण त्यांनी आक्षेप थेट कुंभाराच्या भट्टीतून उचलला आहे. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त एक जुना श्लोक उद्धृत आहे, त्याचा आशय असा, की द्वित्व, पाकज (उष्णतेने बदलणाऱ्या) गुणांची उत्पत्ती आणि विभागातून निर्माण होणारा विभाग या तीन ठिकाणी ज्याची बुद्धी अडखळत नाही तोच खरा वैशेषिक. वैशेषिक असण्याची कसोटी त्यांनी स्वतः अशी लावून घेतली होती. या तीन स्थळांविषयी आपल्या पुरवणीतील लेखात अवाक्षर नाही.

परमाणुवादावरचा सर्वांत धारदार आक्षेप बौद्ध आचार्य वसुबंधूंचा. ‘विंशतिका’ या छोट्या प्रकरणात ते विचारतात, की एका परमाणूला पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, वर आणि खाली असे सहा परमाणू एकाच वेळी चिकटले, तर त्याला सहा बाजू, म्हणजेच सहा अंश, मानावे लागतील आणि मग तो निरवयव राहणार नाही. आणि सहाही परमाणू एकाच जागी मावतात असे म्हणाल, तर कितीही परमाणू एकत्र आले तरी त्यांचा गोळा परमाणूएवढाच राहील. या पेचाला वैशेषिकांनी उत्तरे दिली, परंतु कोणाच्याही मनातली शंका पूर्णपणे मिटावी असे उत्तर माझ्या वाचनात नाही.

दुसऱ्या एका आघाडीवर मात्र न्यायाने बौद्धांना चांगलेच अडवले. परमाणूंच्या ढिगालाच आपण कापड म्हणतो, असे बौद्ध म्हणाले, तेव्हा गौतमांच्या न्यायसूत्रांनी विचारले, की परमाणू तर इंद्रियांना दिसत नाहीत; अदृश्यांचा ढीग दृश्य कसा होईल? दूरून सैन्य किंवा वन जसे एक दिसते तसे, असे उत्तर बौद्धांनी देऊ नये, कारण सैनिक आणि झाड जवळ गेल्यावर एकेकटे दिसतात, परमाणू कधीच दिसत नाही. शिवाय वस्तूचा एक भाग धरून ओढला की सबंध वस्तू ओढली जाते, हेही अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली सबंध वस्तू, वेगळा असल्याचे चिन्ह. चादरीचे एक टोक ओढले की सगळी चादर हातात येते, सुताचा नुसता ढीग येत नाही, असे आपल्या गावच्या भाषेत म्हणता येईल. यावर बौद्धांचा उलट प्रश्नही तितकाच मार्मिक होता: कापड धाग्यांहून वेगळे असेल तर तराजूत धाग्यांचे वजन अधिक कापडाचे वजन असे दुप्पट का भरत नाही? हा प्रश्न सोडवताना नैयायिकांना बरीच कसरत करावी लागली.

आता सोलापूरशी निगडित एक गोष्ट, जिची आठवण या चर्चेत कोणालाच झाली नाही याचे नवल वाटते. वैशेषिकांइतकाच सविस्तर परमाणुविचार जैन दर्शनात आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा आधारग्रंथ आपल्याच शहरातून प्रकाशित झालेला आहे. जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून यतिवृषभांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादित केला. त्याचा पहिला भाग 1943 साली आणि दुसरा 1951 साली निघाला. या ग्रंथात लोकाची, म्हणजे विश्वाची, लांबी-रुंदी सांगण्यापूर्वी मापांची मालिका दिली आहे: अनंतानंत परमाणूंचा पहिला स्कंध (समूह), तेथून आठ-आठच्या पटीने चढत त्रसरेणू, रथरेणू, केसाचे टोक, लीख, ऊ, जव आणि शेवटी अंगुळ. येथे पहिल्याच पायरीवर अनंत परमाणू आहेत, हे वैशेषिकांच्या सहाच्या हिशोबाशेजारी ठेवून पाहावे. दोन परंपरांची वृत्ती किती निराळी होती, ते लगेच दिसते.

जैनांचे परमाणू चार जातींचे नाहीत. सगळे पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, एकाच प्रकारचे. प्रत्येक परमाणूत एक वर्ण, एक गंध, एक रस आणि दोन स्पर्श असतात व ते पालटू शकतात. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात परमाणूंचा बंध स्निग्धता आणि रूक्षता यांमुळे होतो, असे सांगून त्याचे नियमही दिले आहेत: ज्यांच्यात हे गुण किमान मात्रेत आहेत त्यांचा बंध होत नाही, सारख्या गुणाच्या व सारख्या मात्रेच्या परमाणूंचा होत नाही, आणि मात्रेत दोनचा फरक असेल तर होतो. परमाणू एकमेकांना का चिकटतात, या प्रश्नाला वैशेषिकांनी बाहेरून अदृष्ट आणि ईश्वर आणले. जैनांनी उत्तर परमाणूच्या आतच शोधले. माझ्या दृष्टीने हे अधिक धाडसाचे पाऊल आहे. मात्र स्निग्ध-रूक्ष म्हणजे धन आणि ऋण विद्युत्भार, असे जे हल्ली सांगितले जाते, त्याला सूत्रांत आधार नाही, कारण येथे दोन स्निग्ध परमाणूही मात्रेत पुरेसा फरक असेल तर जुळतात. दोन धन भार जुळत नाहीत.

डाल्टनविषयी थोडक्यात लिहितो. 1808 साली त्याने ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धांत उभा होता तो वजनांवर. बारा ग्रॅम कार्बनशी सोळा ग्रॅम ऑक्सिजन जुळला तर एक वायू होतो, बत्तीस ग्रॅम जुळला तर दुसरा. मधली कोणतीही मात्रा चालत नाही. असे पूर्णांकांचे प्रमाण अनेक संयुगांत आढळते आणि अणू मानला की त्याचा उलगडा होतो. कणादांपासून विश्वनाथांपर्यंत कोणीही असे वजनाचे प्रमाण परमाणूच्या सिद्धीसाठी पुढे केलेले नाही, आणि ते करायला हवे होते असेही नाही, कारण त्यांचा प्रश्नच वेगळा होता. शिवाय डाल्टनचा अणूही पुढे अविभाज्य राहिला नाही: 1897 मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला, 1911 मध्ये रदरफर्डने अणुकेंद्र मांडले. कणादांचे मोठेपण आजच्या अणूशी जुळण्यावर टांगायचे ठरवले, तर निरवयव आणि नित्य परमाणू हा त्यांचा गाभ्याचा सिद्धांतच पहिल्या झटक्यात खाली पडतो. त्यांचा कैवार घेणाऱ्यांनी हा धोका ओळखायला हवा.

ग्रंथांच्या काळाबाबतही सैल विधाने होतात. वैशेषिक सूत्रे इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंतच्या पट्ट्यात ठेवली जातात, इ. स. पू. 600 हा आकडा छातीठोकपणे छापावा असा पुरावा नाही. द्व्यणुक-त्र्यणुकांची सविस्तर सृष्टिप्रक्रिया सूत्रांत नसून सहाव्या शतकाच्या सुमाराच्या प्रशस्तपादांच्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त आहे. वेगासंबंधीचे जे वाक्य न्यूटनचा पहिला नियम म्हणून कणादांच्या नावावर फिरवले जाते, तेही प्रशस्तपादांचेच, आणि तेथे ते ‘संस्कार’ या गुणाचा एक प्रकार सांगताना आले आहे. सूत्रांचा पाठसुद्धा एक नाही: मुनी जंबूविजयजींनी चंद्रानंदांच्या प्राचीन वृत्तीसह 1961 साली बडोद्याहून प्रसिद्ध केलेला पाठ आणि शंकर मिश्रांच्या ‘उपस्कारा’तला पाठ यांत अनेक ठिकाणी फरक आहे. म्हणून ‘कणाद म्हणतात’ असे लिहिताना कोणत्या पाठातले कोणते सूत्र, हे सांगणे लेखकाचे कर्तव्य ठरते.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत कणादांचे चित्र आणि त्याखाली ‘अणूचे जनक’ एवढेच लिहिलेले तक्ते दरवर्षी दिसतात. त्याऐवजी मेरू आणि मोहरीची युक्ती, भट्टीतल्या मडक्याचा वाद आणि वसुबंधूंच्या सहा बाजूंचा पेच हे तीन तक्ते लावून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना बाजू निवडायला सांगितले, तर ती मुले नक्की भांडतील आणि चांगली भांडतील. आपल्या पुरवणीकडूनही माझी अपेक्षा हीच आहे, की पुढील लेखात पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष शेजारीशेजारी छापावेत आणि प्रत्येक अवतरणाखाली ग्रंथ, अध्याय व सूत्रांक द्यावा. संपादक मंडळाची इच्छा असल्यास या पत्रात उल्लेखिलेले मूळ उतारे मराठी अर्थासह देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
संस्कृतचा एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर